खोट नसलेला प्रोग्रॅमर

पंपाच्या कंट्रोलरमधल्या चिपमध्ये प्रोग्रॅम भरायला एक वीतभर डबी लागते. तिलाही प्रोग्रॅमरच म्हणतात. कारखान्यासाठी ती निवडायचं काम साहेबांनी तिथल्या एकुलत्या एक इंजिनियरांवर सोपवलं, आणि चार दिवसांत उरकणाऱ्या कामाचं भिजत घोंगडं झालं.

त्याला कारण डबी नव्हे, ती दाखवायला येणाऱ्या बाई. पुरवठादाराकडच्या त्या बाई टेबलापाशी बसल्या, चिपचा एकही पाय न वाकवता ती अलगद सॉकेटमध्ये बसवली आणि "बघा, पटतंय का," म्हणाल्या. चाळिशी उलटलेल्या, रोज एकट्याने डबा खाणाऱ्या इंजिनियरांचा जीव तिथेच अडकला.

डबी पसंत केली तर बाई पुन्हा कशाला येतील? म्हणून त्यांनी नाक मुरडलं. पहिलीला कमी व्होल्टची चिप चालत नव्हती. दुसरी प्रोग्रॅम मध्येच थांबवून चूक दाखवत नव्हती. तिसरीत काही खोट निघेना, तेव्हा तिचा दिवा डोळ्यांना खुपतो म्हणाले. बाई दर वेळी हसून नवी डबी आणत, आणि त्या गेल्या की इंजिनियर रिकाम्या खुर्चीकडे बघत बसत. पुढची शंका सुचेपर्यंत दिवस जाता जात नसे.

इकडे रिकाम्या चिपांचे कंट्रोलर ढिगाने साचले. गिऱ्हाईक साहेबांच्या डोक्यावर मिऱ्या वाटू लागलं, तेव्हा साहेबांनी सगळ्यात महागडा प्रोग्रॅमर परस्पर मागवला. कुठलीही चिप चालते, दहा वर्षं बघायला नको. आता त्या बिचाऱ्या बाईंना हेलपाटे नकोत, असं ते मोठ्या मायेने म्हणाले.

बाई तो घेऊन आल्या. इंजिनियरांनी डबी उलटीपालटी केली, पाच-सहा चिप भरून पाहिल्या. मेली कुठेच चुकत नव्हती.

"काही शंका?" बाईंनी विचारलं.

इतके दिवस शंका काढणाऱ्या माणसाला ऐन वेळी एक सुचेना. "नाही," ते पडेल आवाजात म्हणाले.

बाईंनी सावकाश आवरलं. डबी टेबलावर ठेवली, तिची केबल गुंडाळून आपल्या पर्समध्ये टाकली आणि उठल्या.

"अहो, केबल गेली तुमच्या पर्समध्ये," इंजिनियर म्हणाले.

"माहितीये," बाई म्हणाल्या. "उद्या आणून देते."

"पण पर्स तर इथंच..."

नशीब, जीभ तिथेच थांबली. बाई गेल्या. साहेबांनी दारातून डोकावून, झालं का एकदाचं, असं विचारलं.

"केबल यायचीय," इंजिनियर म्हणाले. "उद्या."