फुलली पाहिजे, फुटता कामा नये

डोकं कितीही दुखत असलं तरी आमच्या बिल्डिंगमध्ये गोगट्यांकडे गोळी मागू नये. मी मागितली होती. हिगाशी-कसाईत येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता, नवरा ऑफिसात होता आणि डोकं ठणकत होतं. शेजारचं दार वाजवलं, तर जानवं बनियनबाहेर आलेले चाळिशीचे एक गृहस्थ उभे.

"तुमच्याकडे गोळी आहे का हो?"

त्यांचा चेहरा असा उजळला, जणू हाच प्रश्न ऐकायला ते जपानात आले होते. "आहे ना. शुद्ध शिशाची दाखवू, की मिश्रणाची?"

अर्ध्या तासाने मी परत आले तेव्हा डोकं दुप्पट दुखत होतं आणि ठासणीच्या बंदुकीबद्दल मला सगळं कळलं होतं. नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायची, ती ही बंदूक. गोगट्यांच्या वडिलांकडे, नानांकडे, राजापूरजवळच्या गावी तसली एक होती. नाचणीत घुसणाऱ्या रानडुकरांसाठी, रीतसर परवान्याची. स्वतः गोगट्यांनी आयुष्यात बंदूक उडवली नव्हती. माझ्या नवऱ्याच्या ऑफिसात ते बँकांची सॉफ्टवेअरं लिहायचे आणि तिथले जपानी लोक त्यांना अत्यंत आदराने गोगाते-सान म्हणायचे. बिचाऱ्यांना काही माहीत नव्हतं.

माणूस कट्टर शाकाहारी. कोंबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानात, भाताच्या गोळ्यात मासा नाही ना हे तीनतीनदा विचारणार, आणि घरी आल्यावर डुकराच्या बरगडीत शिसं कसं पसरतं ते आमच्या ताटासमोर बसून सांगणार. "ह्या बंदुकीच्या गोळीला वेग कमी असतो, वहिनी. म्हणून शिसं मऊच पाहिजे. नखाने ओरखडा उठला तर मऊ. कडक असेल तर आत फुलत नाही, सुईसारखी आरपार जाते, आणि जनावर जखमी होऊन चालू लागतं. पण फार वेगाने हाणली तरी आतल्या आत तुकडे होतात. फुलली पाहिजे, फुटता कामा नये."

हे त्यांचं ब्रह्मवाक्य. माझ्या पुऱ्यांना लावलं, प्रोजेक्टच्या वाढत्या टीमला लावलं, एका नवविवाहित जोडप्याला तर आशीर्वाद म्हणून दिलं. गणपतीला बिल्डिंगमधल्या पोरांसमोर त्यांनी कणकेचा गोळा माझ्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर फेकून मारला. "हे बघा, पुढचा भाग छत्रीसारखा पसरतो, कडा मागे वळतात, पण बूड गोल राहतं. बूड गोल नसेल तर ती गोळी जनावराला लागलेलीच नाही समजा." पोरांनी जपानीत काहीतरी म्हणून टाळ्या वाजवल्या. भिंत मी पुसली.

रविवारी सकाळी मात्र ते आमच्या लगतच्या बाल्कनीत उभं राहून कॉलिंग कार्डावरून गावी फोन लावायचे. गावची लाइन खरखरायची, त्यामुळे आवाज असा, की समोरच्या बिल्डिंगमधली आजीबाई गादी झटकायची थांबायची.

"नाना, गेल्या आठवड्यात मारलात? फुलली का? कडा वळल्या? बूड?" मग बराच वेळ ऐकणं. मग "वा, वा." अर्धा तास. आईवर नाही, पावसावर नाही, लग्न का करत नाहीस ह्यावरही नाही. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि लग्नाचा विषय नानांनी सोडला होता. बापलेकांमध्ये उरलं होतं ते एवढं शिसं. मला आधी हसू यायचं. पुढेपुढे रविवारी कपडे वाळत घालायला मी मुद्दाम त्याच वेळेला जायला लागले.

त्या वर्षी दिराच्या लग्नाला मी रत्नागिरीला गेले. गोगट्यांनी नानांसाठी स्वेटर दिला आणि बजावलं, "येताना एक वापरलेली गोळी आणा, वहिनी. त्यांना म्हणावं, मला हातात घेऊन बघायचीय."

लग्न उरकल्यावर मी राजापूरजवळच्या त्या गावी गेले. नानांनी स्वेटर तिथल्या तिथे, भर उकाड्यात, अंगात घातला. निरोप ऐकून घेतला. मग म्हणाले, "बंदूक नाही गो घरात. चार वर्षांमागे इलेक्शनला ठाण्यात जमा केली, ती परत आणलीच नाही. खांदा उचलत नाही आता. डुकरं खातात नाचणी, खाऊ देत."

"मग दर रविवारी ते..."

"तो दहा वर्षांचा होता," नाना म्हणाले. "गोळ्या मी घरीच ओतायचा. ह्याला वाटलं, चकचकीत व्हाव्यात. कल्हईवाल्याकडून कथील आणलंन् आणि मला न सांगता शिशात टाकलंन्. शिसं झालं कडक. गोळी डुकराच्या आरपार गेली. दोन दिवस ते जनावर रानात ओरडत होतं, मला सापडेना. हा कानात बोटं घालून माजघरात बसलेला. तिसऱ्या दिवशी सापडलं. मी त्याला एक शब्द बोललो नाही. बोलायला हवं होतं. आता विचारतो तर मी सांगतो, फुलली. दर वेळेला फुलली. तेवढंच ऐकायचं असतं त्याला. तू काही सांगू नको हो, बाळ."

मग ते उठले, फळीवरून एक जुनी गोळी काढली, परसातल्या पाट्यावर ठेवली आणि डाव्या हाताने वरवंटा घालून घालून चेपली. म्हातारा घामाघूम झाला, पण स्वेटर काढला नाही. माझ्या हातात ठेवलेली ती गोळी बघून मला धडकी भरली. दोन्हीकडून सपाट, एका बाजूला, पाट्याला छिन्नीने टाकी लावलेली असते, तिचे ठिपके सरळ रांगेत उमटलेले. पण त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं? ती चकती मी लाडवांच्या डब्यात घातली. नारिता विमानतळावरच्या कस्टमवाल्याने ती वर काढून बघितली, तेव्हा मी "ओमामोरी" म्हटलं, म्हणजे देवळातला ताईत. त्याने दोन्ही हातांनी अदबीने परत दिली.

गोगट्यांनी ती खिडकीपाशी नेली. नखाने ओरखडा काढला. उलटी केली, सुलटी केली. बूड शोधलं. टाकीच्या ठिपक्यांवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा. मी लाडवांबद्दल काहीतरी बडबडत होते.

"मऊ आहे," ते म्हणाले. गोळी देव्हाऱ्यात बाळकृष्णाशेजारी ठेवली आणि मला थँक्यूसुद्धा न म्हणता आत गेले.

रविवारी मी ओले कपडे घेऊन बाल्कनीत तयार होते.

"नाना, मिळाली. झकास फुललीय. फुटली नाही कुठे." मग आवाज एकदम खाली आला. इतका, की मला कठड्यावरून वाकावं लागलं.

"आणि नाना, तो पाटा एकट्याने हलवू नका. जड असतो."

पलीकडून काय उत्तर आलं ते मला कळलं नाही. गोगटे बराच वेळ नुसतं "हं, हं" करत होते आणि बनियनने डोळे पुसत होते. त्या दिवशी फोन तासभर चालला, आणि शिशाचं नाव निघालं नाही.