दिवाणजींची दर्जावाढ

ओळख होऊन पाच मिनिटंही झाली नसतील, तोवर दिवाणजींनी मला अकुशल ठरवून टाकलं होतं. मारेगावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मी वजनकाट्यावर नवीनच लागलो होतो. त्यांनी चहा पुढे सरकवला, बशीत ओतताना मी तो टेबलावर सांडला, आणि चष्म्याच्या वरून बघत ते म्हणाले, "अकुशल. पण हरकत नाई गजुभाऊ, सगळ्याईची सुरुवात तिथूनच होते."

मला वाटलं, गंमत करताहेत. संध्याकाळी वॉचमनने मला बाजूला घेऊन सांगितलं की ही गंमत नाही, आणि तो स्वतः तीन वर्षांनी अर्धकुशल झाला आहे.

दिवाणजी म्हणजे रामकृष्ण ढवळे. जिनिंगचे हिशेब, हजेरी, मजुरांचे पगार सगळं त्यांच्याकडे. साठी उलटून गेली तरी शेठ त्यांना सोडायला तयार नाहीत. किमान वेतनाचे दर सारखे बदलतात, महागाई भत्ता दर सहा महिन्यांनी हलतो, बोनसची आणि विम्याची मर्यादा अधूनमधून सरकते, आणि हे सगळं आवडीने वाचणारा दुसरा माणूस तालुक्यात मिळायचा नाही. नव्या दरांचा कागद आला की दिवाणजी आधी हात धुतात, फलकावरचा जुना कागद काढतात, नवा डकवतात आणि यंत्रांवरच्या बायकांना गोळा करून मोठ्याने वाचून दाखवतात.

"वाढले का?" बायका विचारतात.

"वाढले."

"मंग झालं," म्हणून बायका निघतात. दिवाणजी शेवटच्या ओळीपर्यंत वाचूनच थांबतात, मग समोर कोणी असो वा नसो.

सरकारने कामगारांचे तीन दर्जे केले, अकुशल, अर्धकुशल आणि कुशल. सरकार तेवढ्यावर थांबलं, दिवाणजी थांबले नाहीत. त्यांनी अख्ख्या जगाला हे तीन दर्जे लावले. आमचा न्हावी केसात कुशल, दाढीत अर्धकुशल. मुकुटबनला एका लग्नाला गेलो होतो, तिथे जेवून हात पुसत त्यांनी निकाल सांगितला, "बुंदी कुशल, वरण अकुशल, नवरदेव अजून उमेदवारीवर." सरकारने दरांसाठी गावांची तीन परिमंडळं केली आहेत, मोठ्या शहरांना जास्त दर, तिसऱ्याला सगळ्यात कमी. तीही त्यांच्या कामाला येतात. चहा पाणचट निघाला की म्हणतात, "आपलं परिमंडळ तिसरं आहे गजुभाऊ. दाट पाहिजे असन तं मोठ्या शहरात जा." पाहुण्याने तिसऱ्यांदा कप पुढे केला की, "मर्यादा संपली. नवीन दर येऊ द्या, मंग पाहू."

दरवाढ सरकारची आणि दर्जावाढ त्यांची. ती वर्षातून एकदाच, एक जानेवारीला. त्या दिवशी हमालांपासून वॉचमनपर्यंत सगळे काही ना काही निमित्त काढून त्यांच्या टेबलाभोवती घुटमळतात. शेठ कित्येक वर्षं अर्धकुशल होते. एकदा त्यांनी वैतागून विचारलं, "दिवाणजी, माझ्यात कमी काय आहे?"

"हेच. चिडता."

दिवाणजींना दर्जा देणारं माणूस एकच, घरी त्यांची बायको. सुमनकाकूंना त्यांनी कधी दर्जा लावला नाही. "तिले दर्जा देणारा मी कोण? तेच मले देते," असं ते म्हणायचे. दर एक जानेवारीला ते काकूंना विचारून येत आणि काकू मान वर न करता सांगत, "अकुशल." ऑफिसात येऊन ते जाहीर करत, "यंदाई नाई झालं." बोलण्यात असा तोरा, जसं काही बक्षीसच मिळालं आहे.

त्यांचं घर जिनिंगच्या मागच्या भिंतीला लागून. दुपारी जेवायच्या वेळेला काकू भिंतीपलीकडून हाक मारत, "अवो!" यंत्रांच्या खडखडाटातही ती ऐकू यायची. दिवाणजी "आलो, आलो" म्हणत मागच्या फाटकाकडे निघत आणि आम्ही सगळे आपापले डबे उघडत. जेवणाची सुट्टी त्या हाकेवर व्हायची.

गेल्या पोळ्यानंतर काकूंना लकवा मारला. उजवा हात गेला, वाचा गेली. मुलगी पुण्याहून आली, राहिली, परत गेली. दिवसा शेजारची एक बाई काकूंजवळ बसू लागली आणि स्वयंपाक दिवाणजींनी हाती घेतला. मला चव पाहायला म्हणून डब्यातून भाजी आणायचे. आधी ती कशीबशी गिळत होतो, पण दिवाळीपर्यंत त्यांचा हात चांगला बसला. एकदा वांग्याची भाजी खाऊन मी म्हटलं, "कुशल." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "तो अधिकार तुमाले नाई."

डिसेंबरात एका रविवारी मी काकूंना बघायला गेलो, तर दिवाणजींनी जेवायला बसवलं. वरण इतकं खारट की पहिल्याच घासाला मी तांब्याभर पाणी प्यालो. ज्या माणसाची भाजी बोटं चाटून खाल्ली, त्याच्या हातचं हे वरण असेल यावर विश्वास बसेना. चेहरा बघून दिवाणजी मला स्वयंपाकघरात घेऊन गेले.

"बोलू नका. मुद्दाम टाकलं. तिच्या जेवणाचं आळणी वरण वेगळं काढलं आहे, हे फक्त चमचाभर चाखवतो." मग आणखी हळू आवाजात म्हणाले, "डॉक्टर म्हणे, बोलतं करा. मी गोड बोलून पाह्यलं, भजनं म्हणून पाह्यली. काईच नाई. एक दिवस खरंच मीठ जास्त पडलं, तं ते चिडली आन् 'अ' म्हणलं तिनं."

चमचा घेऊन ते बाहेरच्या खोलीत गेले. काकूंनी चाखलं. भुवया जवळ आल्या. "अ... कु..."

दिवाणजी वाकले. "हं. पुढं?"

"...शल."

ते माझ्याकडे वळले. "काल 'शल' नोतं आलं."

एक जानेवारीला सगळे टेबलाभोवती घुटमळत होते आणि दिवाणजी उशिरा आले. शेठ त्यावरून ओरडलेसुद्धा. दिवाणजींनी खुर्चीवर बसून चष्मा पुसला. मी विचारलं, "घरचा निकाल काय?"

"आज मीठ नीट टाकलं होतं. तारीखच तशी होती. लय वेळ पाह्यलं तिनं माह्याकडे. मंग म्हणे, 'अर्धकुशल'. अख्खं, एका दमात."

त्या दिवशी त्यांनी एकालाही मागे ठेवलं नाही. मी कुशल झालो. नुकतेच ओरडलेले शेठही कुशल झाले, आणि ते ऐकून पुढचं ओरडायचं विसरले.

गर्दी पांगल्यावर मी म्हटलं, "चला, आता मीठ सुटलं."

"कुठचं? 'अवो' राह्यलं ना अजून."

दुपारी यंत्रं थांबली. दिवाणजी उठले, मागच्या फाटकाशी जाऊन कडीवर हात ठेवून थोडा वेळ थांबले. भिंतीपलीकडे सगळं शांत होतं. मग "आलो, आलो" म्हणत त्यांनी फाटक उघडलं आणि घरी गेले.