दामूमास्तरांची काच

आळीत कुठेही कंदिलाची काच फुटली, की घरच्या बाईचा केरसुणीला हात लागण्याआधी दामूमास्तर दारात हजर. "तुकडे टाकू नका हो," म्हणायचे आणि ते पंच्यात बांधून थेट लोहाराकडे. तिथे शेगड्याच्या लोखंडी जबड्यात तुकडा धरायचा, पिळायचा आणि भुगा झाला की प्रसन्न व्हायचं. रत्नागिरीच्या शाळेत मी मराठी शिकवायचो, ते शास्त्र. त्यामुळे हे सगळं मला फुकटात ऐकावं लागे.

कुठल्याशा विलायती मासिकात त्यांनी वाचलं होतं, की काच एका बाजूने आवळली तर फुटते. पण जाड पोलादी नळीत, तेलात बुडवून, चोहोबाजूंनी सारखी दाबली तर फुटत नाही. आतले कण एकमेकांना न सोडता वाकतात, जवळ सरकतात. वाळूची शुद्ध काच तर दाब वाढेल तशी दाबायला आणखी सोपी होते म्हणे. मी एकदा वैतागून विचारलं, असलं यंत्र रत्नागिरीत येणार कधी? न का येईना, म्हणाले, काच तर आहे.

मग त्यांचा जावई मुंबईत विषमज्वराने गेला. यमू, त्यांची एकुलती एक लेक, तेव्हा माहेरीच होती. मास्तर विधुर, म्हणून घरातलं सगळं त्यांच्या आत्याबाईंच्या हाती. दहाव्या दिवशी यमूच्या बांगड्या फोडायच्या आणि वर्षभर तिने उंबरा ओलांडायचा नाही, असं आत्याबाईंनी ठरवून टाकलं.

त्या दिवशी मी ओटीवर होतो. आत्याबाईंनी दगड मांडला, तेवढ्यात मास्तर म्हणाले, बांगड्या मी काढतो. आता हा माणूस व्याख्यान देणार, असं मला वाटलं. पण त्यांनी साबणाचं पाणी आणलं, लेकीचा पंजा कासारासारखा हलकेच सगळीकडून दाबला आणि एकेक बांगडी अख्खी उतरवली. चांगला अर्धा तास लागला.

शेवटी आत्याबाई म्हणाल्या, "दामू, काच फुटल्याशिवाय चालायचं नाही हो. रीत आहे ती."

मास्तरांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून दगडावर ठेवला आणि वरवंट्याने फोडला.

"ही घ्या काच," म्हणाले, आणि लहान मुलासारखे रडले.

नवा चष्मा मागवायची त्यांनी काही घाई केली नाही. दोन हातांपलीकडचं दिसत नाही, एकट्याने शाळेत जाऊ कसा, असं ते आत्याबाईंनाच विचारायचे. मग रोज सकाळी यमू त्यांचा हात धरून भरबाजारातून शाळेपर्यंत यायची.