टोकियो किती इंचांवर आहे?

मोजमापात मला शिकवणारा अजून जन्माला यायचाय! तीस वर्षं गळ्यात टेप घालून फिरतोय, नुसत्या नजरेनं पोटाचा घेर सांगतो. त्यामुळे त्या दिवशी नवरदेवाची आई दुकानात येऊन म्हणाली, "मास्तर, लेक टोकियोहून निघालाय. सकाळी नऊचं विमान, एवढंच कळवलंय. पोहोचणार कधी, कुणास ठाऊक!" तेव्हा मी लगेच कात्री खाली ठेवली.

"त्यात काय एवढं?"

भिंतीवर जगाचा नकाशा होताच. माझा मेहुणा बँकॉकहून येतो, त्याला चार तास लागतात. लावली टेप! बँकॉक सहा इंच, टोकियो तेरा इंच. म्हणजे साडेआठ तास आणि वर थोडं!

"संध्याकाळी सहाच्या आत विमान टेकलं, तर धंदा सोडून देईन!"

बाई खूश होऊन गेल्या. काज-बटणं करणारी माझी बायको मात्र दातानं दोरा तोडत म्हणाली, "अहो, आधी कुणाला तरी विचारायचं ना!"

"तुला काय कळतं भूगोलातलं?"

रात्री आठला लग्नाची पार्टी. नवरदेवाच्या कोटाला बाह्या लावायच्या राहिल्या होत्या, पण अख्खी दुपार हातात होती! पोटभर जेवलो आणि कापडं बेततो त्या टेबलावरच आडवा झालो.

"मास्तर! ओ मास्तर!"

डोळे उघडतो तर समोर नवरदेव! घामाघूम, हातात भली मोठी बॅग. घड्याळात चार!

"अहो, तुम्ही अजून आकाशात आहात!" मी ओरडलो.

"कधीच उतरलोय! घ्यायला कुणी नाही, फोन बंद पडलाय, घराला कुलूप. शेजारी म्हणाले, मास्तरांनी सहाची वेळ दिलीय, म्हणून सगळे आधी हार घ्यायला गेलेत आणि तिथून विमानतळावर जाणार आहेत!"

"असं कसं? नऊ अधिक साडेआठ..."

"ते तिकडचे नऊ!" बायकोनं कपाळावर हात मारला. "तिकडे आपल्या कितीतरी आधी उजाडतं. तेव्हा इथं पहाट होती, तुम्ही घोरत होता!"

बोंबला! समुद्रसुद्धा इंचात मोजला आणि घड्याळ मोजायचं राहिलं!

मी मशीनवर झडपच घातली.

"मास्तर, ऐका तरी..."

"एक शब्द बोलू नका!"

सुई तुटली. दुसरी लावली. डावी बाही उजवीकडे बसली. बायको उसवतेय, मी शिवतोय, मी शिवतोय, ती परत उसवतेय! तेवढ्यात फोन वाजला. बायकोनं स्पीकर लावला. नवरदेवाची आई चक्क रडत होती.

"मास्तर, विमान येऊन युगं झाली म्हणतात हो! माझा लेक कुठं गेला?"

"इथंच आहे, दुकानात!" बायको म्हणाली.

पलीकडून आनंदाचा एवढा गलका झाला की माझाही जीव भांड्यात पडला. शेवटची शिवण मारली आणि ऐटीत कोट झटकून नवरदेवापुढे धरला. त्यानं शांतपणे बॅग उघडली आणि कोरा करकरीत कोट बाहेर काढला.

"तेच सांगत होतो मघापासून. ताईच्या लग्नातला माझा कोट तुम्ही लग्न उरकल्यावर दिला होतात. म्हणून या वेळी तिकडूनच घेऊन आलो. फक्त याच्या बाह्या बोटभर लांब आहेत, तेवढ्या आखूड करून द्या. किती वेळ लागेल?"

मी तोंड उघडलं मात्र, फोनमधून त्याची आई किंचाळली, "त्यांना विचारू नकोस रे बाळा!"

आणि बायकोनं तो कोट माझ्या हाती येऊच दिला नाही.