उंदरांना न मिळालेलं औषध

"उंदरांच्या गाठी लहान झाल्या!" जेवणाच्या टेबलावर भाचीच्या तोंडून निसटलं आणि आत्याचा चमचा वाटीतच थांबला.

भाची प्रयोगशाळेत काम करायची. कर्करोगाच्या गाठी असलेल्या उंदरांना ओझोन वायू दिला तर काय होतं, हे ती तपासत होती. निम्म्या उंदरांच्या पोटात सुईने साधा ऑक्सिजन सोडायचा आणि उरलेल्यांच्या पोटात तोच ऑक्सिजन यंत्रातून ओझोन करून. आत्यालाही कर्करोगच होता. उपचारांनी तिचे केस गेले होते, तोंडाची चव गेली होती. तोंडाची धार मात्र शाबूत होती.

"मग मी सोमवारी दवाखान्यात जात नाही," आत्या म्हणाली. "तुझा ओझोनच दे मला."

"अगं, उंदीर आहेत ते! प्रयोगही एकदाच झालाय."

"उंदरांनी बरं व्हायचं आणि सख्ख्या आत्याने ओकत बसायचं? छान!"

आत्याच्या नवऱ्याने मान खाली घालून पाणी पिण्यात शहाणपण मानलं.

बातमी भिंत ओलांडून शेजारच्या काकूंकडे गेली. काकू परोपकाराला कायम एका पायावर तयार, आणि त्यांच्याकडे भाज्या ओझोनने धुवायचं यंत्र! दुसऱ्या दिवशी भाची घरी आली, तर आत्या डोक्यावरून चादर घेऊन त्या यंत्रापुढे बसलेली, काकूंनी चादरीची टोकं धरलेली आणि दोघी खोकून खोकून बेजार. नवरा पाण्याचे ग्लास घेऊन येरझाऱ्या घालत होता.

"बंद करा ते!" भाचीने पिन उपसली. "हा वायू छातीत घ्यायचा नसतो!"

"अगं, खोकला येतोय म्हणजे गुण येतोय," काकू डोळे पुसत म्हणाल्या.

भाचीने दारं-खिडक्या उघडल्या, तरी तो उग्र वास रेंगाळत राहिला. नाकाला झोंबणारा. आणि ती होती तिथेच खिळली. हा वास प्रयोगशाळेत तिला एकदाही आला नव्हता. त्याचं श्रेय तिने बापडीने तिथल्या वास बाहेर ओढणाऱ्या नव्या पंख्याला देऊन टाकलं होतं.

सकाळी प्रयोगशाळेत तिने पंखा बंद ठेवून यंत्र लावलं. हिरवा दिवा लागला, यंत्र गुरगुरलं, वास नाही. ओझोन लागताच रंग बदलणारी कागदी पट्टी पांढरीफटक राहिली. इतके दिवस तिने त्या दिव्यावरच भरवसा ठेवला होता. तिने तडक प्रयोगशाळेच्या प्रमुखांना गाठलं.

"सर, आपल्या उंदरांना ओझोन मिळालाच नाही. सगळ्यांना नुसता ऑक्सिजन गेलाय."

सरांनी चष्मा काढला. "मी आपला निकाल परिषदेला कळवून बसलोय."

"मागे घ्यावं लागेल."

सरांनी चष्मा पुसून परत लावला. "घेऊ," ते म्हणाले.

खरी कसोटी घरी होती. काहीतरी थाप मारून वेळ निभावता आली असती. पण भाची आत्याच्या पलंगावर बसली आणि तिने सगळं सांगून टाकलं. "मला ते खरं व्हायला हवं होतं गं. तुझ्यासाठी. म्हणून मी नीट तपासलंच नाही."

आत्या छताकडे पाहत होती. "म्हणजे सगळ्या उंदरांना सारखंच मिळालं, तरी काहींच्याच गाठी लहान झाल्या?"

"योगायोग."

"कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ," आत्या म्हणाली. "आणि तीही नेमकी माझ्याच वाट्याला."

दोघी हसल्या. हसता हसता आत्याचे डोळे भरले.

"भीती वाटते गं त्या खुर्चीची."

"मी बसते शेजारी."

सोमवारी आत्या दवाखान्याच्या त्या खुर्चीत बसली. नर्सने सलाईनची बाटली अडकवली. डॉक्टर विचारपूस करायला आले, तेव्हा आत्यानेच त्यांची उलटतपासणी सुरू केली.

"हे औषध किती जणांना देऊन पाहिलंय?"

"हजारो लोकांना, आजी."

"माणसंच ना?"

"माणसंच."

"आणि ते त्यांच्या अंगात गेलं होतं, याची कुणी खात्री केली होती?"

डॉक्टरांनी बुचकळ्यात पडून भाचीकडे पाहिलं. भाचीला त्याच क्षणी खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं दिसलं.

"बघतोस काय, लाव," आत्या म्हणाली आणि तिने बाही वर सरकवली.