पेशा : हसणारा

"मी म्हणजे," आमचे हे आरशासमोर टाय ओढत म्हणाले, "गुन्हेगारी जगाला पडलेलं वाईट स्वप्न! माझी नजर भिंतीपलीकडे जाते." टाय शर्टाच्या बटणात अडकला होता. तो मी सोडवला. मी ह्या खासगी गुप्तहेरांची बायको आणि बिनपगारी मदतनीस. ह्यांनी आजवर शोधून काढलेला एकमेव ऐवज म्हणजे स्वतःचा चष्मा. तोही कपाळावर आहे हे मी सांगितल्यावर.

तेवढ्यात बेल वाजली. दारात एक निवृत्त पोस्टमास्तर आणि त्यांची मुलगी. पोस्टमास्तरांनी तोंडावर रुमाल गच्च दाबलेला.

"विषबाधा!" हे ओरडले.

"नाही हो," मुलगी म्हणाली, "बाबा हसू दाबताहेत."

पोस्टमास्तरांना घराण्याचा इतिहास जमवायचा नाद लागला होता. त्या नादात जुन्या जनगणनेच्या एका पानाची नक्कल हाती आली. तिच्यात त्यांच्या आजोबांच्या नावापुढे लिहिलं होतं : पेशा, हसणारा.

"आजोबा वेडे होते," रुमालाआडून आवाज आला. "आणि ते माझ्यात उतरलंय. मला लहानपणापासून हसू आवरत नाही. साहेबांच्या निरोप समारंभात हसलो, दाताच्या डॉक्टरांकडे हसलो. हिचं लग्न ठरलंय. पण रक्तातच वेड असेल तर जाणूनबुजून लोकांची फसवणूक कशी करू? आज संध्याकाळी नकार कळवतो. त्याआधी ह्याचा छडा लावा, म्हणून हिने मला इथे ओढून आणलं."

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही मेलं भरून आलं. हे भिंग शोधत होते.

आमचं भिंग इतकं जबरदस्त की त्यातून एका वेळी एकच शब्द दिसतो. त्या शब्दावर हे ओणवे झाले.

"उघड आहे. हेर! सीमेवर बसायचा. एकदा हसला की शत्रू आला, दोनदा हसला की गेला."

"आणि मध्येच एखादा विनोद आठवला तर?" मी विचारलं.

"तर युद्ध."

रुमाल थरथरला.

"किंवा खुनी! खून केला की खदाखदा हसायचा."

"आणि सरकारी माणूस दारात आला की पेशा म्हणून तेच सांगायचा?"

"प्रामाणिक खुनी होता, त्याला काय करणार?"

पोस्टमास्तर खुर्चीत दुमडले. ह्यांच्यासमोर हसू आवरणं म्हणजे काय, ते मला विचारा. मी संसार केलाय.

"भिंग जरा उचलता का?" मुलगी म्हणाली.

"पुराव्याला हात लावायचा नाही!"

मी भिंग उचललं. मुलगी त्याच घरात राहणाऱ्या बाकीच्यांच्या ओळी वाचू लागली. आजोबांच्या वर नट, त्याच्या वर नटी. खाली पडदा ओढणारा. त्याच्याखाली पडद्यावर राजवाडे रंगवणारा.

"बाबा, हे तर नाटक कंपनीचं बिऱ्हाड आहे!"

"अगंबाई!" मी म्हटलं. "मग ते पगारी हसणारे असणार! माझ्या मामाच्या नाटकाला आम्हा भाच्यांना ह्याच कामावर बसवायचे, फुकट. विनोद झाला की आधी आम्ही हसायचं, म्हणजे मागोमाग लोक हसतात."

"म्हणजे वेड नाही?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

"नोकरी, बाबा! पोटापाण्याची!"

"मग कसला नकार! संध्याकाळी जाऊन तारीखच ठरवू."

मुलीने त्यांचा हात जो धरला तो सोडेचना. हे उठले, कोट झटकला आणि भिंग ऐटीत खिशात टाकलं. ते खिशाऐवजी चहाच्या कपात पडलं.

"माझा पहिल्यापासून," हे म्हणाले, "नाटक कंपनीवरच संशय होता."

मग पोस्टमास्तरांच्या हातातला रुमाल गळून पडला आणि ते हसले. असे हसले, की मुलगी हसली, डोळे पुसत मी हसले, जिन्यावरची शेजारीण काय झालं ते न विचारताच हसली आणि शेवटी, कोणाला हसतोय याचा पत्ता नसताना, हेही पोट धरून हसले. आजोबांना कंपनी पगार का देत होती, ते तेव्हा कळलं.