पडद्याकडे पाठ

१९८४ साली परदेश बघून आलेला माणूस मनगटावरचं घड्याळ आठवडाभर तिकडच्याच वेळेवर ठेवायचा आणि मग ओळखीपाळखीच्यांना स्लाइड्स बघायला घरी बोलवायचा. भिंतीवर पांढरी चादर ताणायची, प्रोजेक्टर मागून आणायचा, दिवे मालवायचे. आता लोक फोनवरचे फोटो दाखवतात आणि समोरचा न बघताच ‘छान’ म्हणून मोकळा होतो. तेव्हा अंधारात सुटका नसे.

हेडक्लार्कच्या घरचा कार्यक्रम मात्र खुद्द साहेबांनी ठरवला होता. त्यांची मालवाहतुकीची कचेरी परदेशात शाखा काढत होती आणि तीन वर्षांसाठी इथला एक माणूस कुटुंबासह तिकडे जायचा होता. नावं दोनच उरली होती. एक हेडक्लार्क, दुसरा भर उन्हाळ्यातही टाय न सोडणारा टायवाला.

“तुम्ही नुकतीच चार शहरं बघून आलात,” साहेब म्हणाले. “आम्ही नवरा-बायको गेलो होतो त्याला बरीच वर्षं झाली. यंदा पुन्हा जायचं मनात आहे. दाखवा की एकदा काय काय पाहिलंत ते. माणूस परदेशात कसा वावरतो हे त्याच्या बोलण्यातून कळतं. यांनाही बोलवा.” ‘यांना’ म्हणजे टायवाल्याला.

हेडक्लार्क घरी आला तो घामाघूम. कारण चारांपैकी एकही शहर त्याने बघितलं नव्हतं. प्रवासासाठी खास घेतलेले बूट पहिल्याच सकाळी असे चावले, की दुपारी बायकोच्या खांद्यावर हात टाकून तो हॉटेलवर परतला. पुढे प्रत्येक शहरात तो बादलीत पाय सोडून खोलीत बसला आणि बायको कॅमेरा गळ्यात अडकवून एकटी हिंडली. कचेरीत मात्र पहिल्याच दिवशी कुणीतरी “कसं काय?” विचारलं आणि याच्या तोंडून निघून गेलं, “अहो, चारही शहरं पायी पालथी घातली!”

“खरं सांगून टाका,” बायको म्हणाली. “बूट चावले यात लाज कसली?”

“आणि जागा? साहेब म्हणतील, हा चार दिवस बुटात टिकला नाही, तीन वर्षं काय टिकणार!”

बायकोने स्लाइड्सचा डबा पुढ्यात ओढला. तिला ती जागा हवी होती. एकटीने फिरताना तिला जे सुख लागलं होतं ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. पण रोज भांडी विसळताना तिचं मन एखाद्या पुलावर जाऊन उभं राहत होतं. तिने स्लाइड्स शहरवार लावल्या. पहिलं शहर नदीचं, दुसरं राजवाड्याचं, तिसरं कालव्यांचं, चौथं डोंगराखालचं. प्रत्येक चित्रावर काय बोलायचं ते नवऱ्याकडून शाळेतल्या कवितेसारखं घोकून घेतलं. आठवड्यात गडी असा तयार झाला, की झोपेतसुद्धा “आता आपण राजवाड्यासमोर आहोत” म्हणू लागला.

प्रोजेक्टर मेव्हण्याचा होता आणि त्याला मेव्हण्याशिवाय कुणी हात लावायचा नाही अशी अट होती. “भाऊजी, तुम्ही पडद्याशेजारी उभे राहा, लोकांकडे तोंड करून,” मेव्हणा म्हणाला. “चित्राकडे सारखं वळून बघणारा माणूस नवखा वाटतो. तुम्ही बोलत राहा, मी बटण दाबत राहतो.”

हेडक्लार्कला ही सूचना फार आवडली. तशीही त्याला चित्रं बघायची गरज नव्हती.

साहेब, बाईसाहेब आणि टायवाला आले. चहा झाला. दिवे मालवले.

“आपण सुरुवात करू या नदीपासून,” हेडक्लार्क खड्या आवाजात म्हणाला. “किती संथ पाणी! काठावर बसलं की उठावंसं वाटत नाही.”

पडद्यावर एक उंच मनोरा उभा होता.

एखादी स्लाइड चुकून पुढे आली असेल असं बायकोने स्वतःला समजावलं. मेव्हण्याने बटण दाबलं. दुसरा मनोरा आला. मग तिसरा. चारही शहरांतले मनोरे एकापाठोपाठ एक उभे राहू लागले आणि हेडक्लार्क त्यांच्याकडे पाठ करून नावेतल्या सफरीचं वर्णन करू लागला.

“आत्याबाई,” बायकोने शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या आत्याच्या कानाशी तोंड नेलं, “तुम्ही डब्याला हात लावलात?”

नवऱ्याची ही आत्या त्यांच्याकडेच राहायची आणि घरातली कुठलीही वस्तू पुसल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

“लावला म्हणजे काय! बोटांचे डाग होते सगळ्यांवर. एकेक काढून मऊ फडक्याने पुसली,” आत्या कौतुकाने कुजबुजली. “आणि किती पसारा करून ठेवलेला गं! कुठे पूल, कुठे माणसं, काही धरबंध नाही. मी सगळी लावून दिली. उंच उंच एकीकडे, पूल एकीकडे, पाण्याची शेवटी. तू ज्यात आहेस ती मात्र वगळली. चार लोकांत कशाला?”

बायकोने घसा खाकरला. नवऱ्याला वाटलं, आवाज वाढवायची खूण आहे. त्याने आवाज वाढवला.

“आता आपण राजवाड्यासमोर आहोत!”

समोर पूल होता. चांगला लांबलचक, कमानींचा, वरून ट्राम जाणारा पूल.

“पायऱ्या बघा,” हेडक्लार्क म्हणाला. “मी स्वतः मोजल्या. आणि वर ते झरोके. राणी तिथूनच लोकांना हात हलवायची म्हणे.”

बायकोला वाटलं, हातातली बशी सोडून द्यावी, निदान दिवे तरी लागतील. तेवढ्यात अंधारातून टायवाल्याचा गोड आवाज आला.

“हेडक्लार्कसाहेब, जरा थांबा हं. हा पूल आहे ना?”

“कुठला पूल?”

“तुमच्या मागचा. त्याच्यावरून ट्राम चाललीय. राणी ट्राममधून हात हलवायची का?”

हेडक्लार्क वळला. पूल बघितला. त्याच्या कपाळावरचा घाम प्रोजेक्टरच्या उजेडात चकाकला. पाठ केलेल्यात ट्राम कुठेच नव्हती. बायकोला तीन वर्षं आणि चार शहरं डोळ्यांदेखत मोरीतून वाहून जाताना दिसली.

“पूल?” साहेब खुर्चीत ताठ झाले. “कसला पूल? राजवाडाच आहे तो! मागची बाजू. आम्ही समोरच उतरलो होतो. अगदी असाच दिसायचा.”

“पण साहेब, ट्राम...”

“राजवाड्याच्या आतून ट्राम जाते तिथे!” साहेब कडाडले. “तुम्ही गेला आहात का कधी?”

“नाही साहेब.”

“मग? जे गेलेत ते बोलतायत ना! चालू द्या हो तुमचं.”

हेडक्लार्कने चालू दिलं. आता तर त्याला साथ मिळाली. त्याने कालवे सांगितले, साहेबांनी समोरच्या घोड्यावरच्या पुतळ्यात कालवे ओळखले. “तीच हवा! तेच पाणी!” साहेब म्हणाले. डोंगराखालच्या शहराच्या वेळी पडद्यावर नुसतं पाणी होतं, तर दोघांनी मिळून त्यावर बर्फ पाडलं. मेव्हणा घाबरून बटण दाबत राहिला. टायवाला टाय सैल करून बसला.

चहाच्या दुसऱ्या फेरीसाठी बायको आत गेली, तशा बाईसाहेब मागोमाग आल्या. त्यांनी दार लोटून घेतलं.

“तो पूल होता,” त्या म्हणाल्या.

बायकोने चहाचं आधण गॅसवर ठेवलं. “हो,” ती म्हणाली. आता लपवण्यासारखं उरलंच काय होतं?

“नदीच्या शहरातला. पलीकडच्या टोकाला एक म्हातारा पुस्तकं विकायचा. तेव्हा तरी असायचा.”

“अजून आहे! मांजर घेऊन बसतो.”

“मांजर नवीन दिसतंय.” बाईसाहेब ओट्याला टेकल्या. “तुमचे कुठे होते?”

“हॉटेलात. बूट चावले.”

“आमचेही हॉटेलातच. यांना लिफ्टची धास्ती. जिथे तिथे वरच्या मजल्यावर खोली मिळाली, एकदा कसेबसे जिना चढले, की ते शहर सोडायच्या दिवशीच खाली उतरायचे. मी एकटी फिरायची आणि रात्री यांना सगळं सांगायची. तेच गेली कितीतरी वर्षं लोकांना ऐकवतात. काय गंमत बघा, तो राजवाडा मी त्यांना इतका रंगवून सांगितला, की आता त्यांना पूलसुद्धा राजवाडा दिसतो.”

दोघी हसू लागल्या, आणि बाहेर आवाज जाऊ नये म्हणून एकीने पदर तोंडात कोंबला, दुसरीने नळ सोडला. चहा उकळून अर्धा झाला. कालव्याकाठची ती पिवळी घरं, डोंगरावरून उतरणारं धुकं, चुकलेल्या गल्ल्या, सगळं दोघींनी उभ्या उभ्या पुन्हा पाहून घेतलं.

“जागेचं तुम्ही माझ्यावर सोडा,” निघताना बाईसाहेब म्हणाल्या. “आज तुमच्या यजमानांनी पुलाला पूल न म्हणता साहेबांची लाज राखलीय, आणि हे त्यांना मी घरी गेल्यावर नीट समजावून सांगते. मात्र तिकडे बस्तान बसलं, की मला बोलवायचं. एकटीला.”

आठवड्याभरात हेडक्लार्कच्या नावाचा हुकूम निघाला.

टायवाला पुढे साहेबांच्याच खुर्चीत बसला. मग तोही परदेशी गेला, सगळं स्वतःच्या पायाने हिंडला आणि तिथे राजवाड्याच्या आतून ट्राम जात नाही असं सांगत राहिला. पण जुन्या लोकांनी त्याचं कधी खरं मानलं नाही. मेव्हण्याने प्रोजेक्टर विकून टाकला. आत्याबाई तिकडे गेल्या नाहीत. “इथलं कोण पुसणार?” म्हणाल्या आणि मागे राहिल्या, त्या पुष्कळ वर्षं जगल्या. साहेबांनी ‘यंदा पुन्हा’ जायचा बेत निवृत्त होईपर्यंत दरवर्षी केला. बाईसाहेब मात्र त्या तीन वर्षांत दोनदा जाऊन आल्या.

हेडक्लार्कने परदेशातली तीन वर्षं घर ते कचेरी अशा एकाच रस्त्यावर काढली आणि तिथला मोठा जाणकार म्हणून परत आला. पेन्शनीत गेल्यावर एका संध्याकाळी त्याने बायकोला हळूच विचारलं, “अगं, मी नक्की काय काय बघितलं गं?”

बायको त्याच्याजवळ जाऊन बसली आणि नदीपासून सांगू लागली. डोळे मिटून तो ऐकत होता. या वेळी तिने प्रत्येक शहरात त्याला आपल्या शेजारून चालवलं.